आईवडिलांच्या माराला कायद्याने बंदी असावी का : गावात ही चर्चा कशी घडवून आणावी

शाळेत मुलाला मारता येत नाही, हे आता तापीकाठच्या कोणत्याही गावात पालकांना ठाऊक आहे. 'मग घरी मारलेले चालते का?' असे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत कोणी विचारले, की आधी हशा होतो, मग प्रत्येक जण आपल्या वडिलांनी आपल्याला कशाकशाने मारले होते ते रंगवून सांगतो, आणि शेवटी कोणी जाणता माणूस 'आम्ही मार खाऊनच मोठे झालो' असे म्हणून विषय मिटवून टाकतो. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या गावांत शिक्षक म्हणून काम करताना मी हा प्रसंग अनेकदा पाहिला, आणि त्यातून एवढे शिकलो की ही चर्चा आपोआप होत नाही, ती बांधावी लागते. अशी बैठक घेऊ इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी, अंगणवाडी सेविकांसाठी आणि समितीच्या सदस्यांसाठी हे लिहीत आहे. बैठक चालवणाऱ्याने आपले मत शेवटपर्यंत राखून ठेवावे, असे मी पुढे सांगणार आहे. येथे मात्र मी बैठक चालवत नसल्यामुळे माझे मत आधीच सांगून टाकतो. बंदी असावी, परंतु तिची सुरुवात तुरुंगापासून होऊ नये.

वेळ आणि जागा

दिवाळीच्या आगेमागे कपाशीची वेचणी चालू असते, आणि त्या दिवसांत बाया पहाटे भाकरी थापून शेतात गेल्या की दिवेलागणीलाच परततात. नंदुरबार आणि पश्चिम धुळ्यातली कितीतरी कुटुंबे त्याच सुमारास ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि मुले आजीआजोबांजवळ ठेवून जातात, म्हणजे ज्यांच्याशी बोलायचे तेच गावात नसतात. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात काम बारमाही असते. तेथे रात्रीच्या जेवणानंतरची वेळच उपयोगाची.

माझ्या अनुभवात सगळ्यात चांगले दिवस अखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे. शेते रिकामी असतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे सासुरवाशिणी लेकरे घेऊन माहेरी आलेल्या असतात. सासरच्या गावी सासू आणि नवरा यांच्यासमोर जी तोंड उघडत नाही, तीच बाई माहेरी लिंबाला बांधलेल्या झोक्याखाली बसून सांगते की आपण मुलाला मारतो तेव्हा खरे म्हणजे राग कोणावर काढत असतो. त्यामुळे बायांची बैठक आधी आणि वेगळी घ्यावी, पुरुषांची नंतर घ्यावी, आणि दोन्हींतले मुद्दे नावे न घेता लिहून काढल्यावरच एकत्र बैठक बोलवावी. जागा मारुतीच्या पाराची नको, कारण बाया तेथे येऊन बसत नाहीत. शाळेचे कार्यालयही नको, कारण तेथे गुरुजींना बरे वाटेल तेच बोलले जाते. अंगणवाडीची पडवी किंवा कोणाचा तरी मोठा ओटा सगळ्यात चांगला.

बैठकीआधी करायची कामे

या विषयावर बोलणे सुरू झाले की एखाद्या घरातले गंभीर काही बाहेर येण्याची शक्यता असते, आणि अशा वेळी काय करायचे हे आधी ठरलेले नसेल तर चर्चा घेणारा माणूस घाबरून ते दडपून टाकतो. म्हणून बाल मदतवाणीचा १०९८ हा क्रमांक फळ्यावर लिहिलेला असावा, आणि जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचा व जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा पत्ता निमंत्रकाच्या वहीत असावा. ज्या मुलाला काळजीची व संरक्षणाची गरज आहे त्याला बाल कल्याण समितीपुढे नेण्यासाठी नातेवाईकच लागतो असे नाही. गावातली कोणतीही जाणती व्यक्ती ते करू शकते. गावात ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर असते. ती प्रत्यक्षात शेवटची कधी बसली होती, ते याच निमित्ताने विचारून घ्यावे. पोलिसांना मात्र पहिल्या बैठकीला बोलावू नये. खाकी कपडे ओट्यावर दिसले की पुढचा तासभर 'आमच्याकडे असले काही होत नाही' एवढेच ऐकायला मिळते.

मुलांचे म्हणणे कसे घ्यावे, याबाबत माझी एक चूक सांगणे भाग आहे. पहिल्या वेळी मी सहावी-सातवीच्या मुलांकडून निनावी चिठ्ठ्या लिहून घेतल्या, आणि काही निवडक चिठ्ठ्या पालकांपुढे वाचून दाखवल्या. नावे नव्हती, पण वाचून झाल्यावर चिठ्ठ्या टेबलावर तशाच राहिल्या, एका वडिलांनी अक्षर ओळखले, आणि त्या मुलाने त्या रात्री घरी पुन्हा मार खाल्ला. तेव्हापासून मी चिठ्ठ्या वर्गातच वाचतो, मजकूर माझ्या हाताने आणि माझ्या शब्दांत उतरवून घेतो आणि मूळ कागद त्याच दिवशी जाळतो. एखाद्या चिठ्ठीत गंभीर इजा किंवा त्याहून वाईट काही असेल, तर ती बैठकीत आणायचीच नाही. तिचा मार्ग थेट बाल कल्याण समितीकडे जातो. आणि पालकांच्या देखत मुलाला उभे करून 'तुला घरी मारतात का रे?' असे विचारणे तर कोणत्याही परिस्थितीत करू नये.

आजचा कायदा नेमका कोठे आहे, ते आधी सांगावे

बैठकीत दोन प्रकारची माणसे असतात. 'कायद्याने आधीच बंदी आहे' असे म्हणणारी, आणि 'आपल्या लेकराला मारायचा आईबापाला हक्कच आहे' असे म्हणणारी. दोघेही पूर्ण बरोबर नाहीत, आणि हे समजावण्यासाठी कायद्याचे तीन स्तर वेगवेगळे दाखवावे लागतात.

पहिला स्तर शाळेचा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली. दुसरा स्तर बालगृहे आणि तत्सम संस्थांचा. तेथे बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ८२ लागू होते आणि पहिल्या अपराधाला दहा हजार रुपये दंड आहे. हे दोन्ही स्तर स्पष्ट आहेत.

तिसरा स्तर घराचा, आणि घोटाळा येथेच आहे. पालकांनी मारू नये असे सरळ शब्दांत सांगणारे कलम आपल्याकडे नाही. त्याच बाल न्याय अधिनियमाचे कलम ७५ असे सांगते, की ज्याच्या ताब्यात किंवा नियंत्रणात मूल आहे त्याने त्याला मारहाण केली, टाकून दिले किंवा जाणूनबुजून त्याची हेळसांड केली, आणि त्यामुळे मुलाला अकारण शारीरिक वा मानसिक यातना होण्याची शक्यता असेल, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. येथे 'अकारण' या एका शब्दावर सगळे लटकलेले आहे, कारण कारण होते की नव्हते हे आधी मारणाराच ठरवतो. दुसरीकडे भारतीय न्याय संहितेचे कलम २७, म्हणजे जुन्या दंड संहितेचे कलम ८९, बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देते. या कलमात मारण्याचा उल्लेख नाही, आणि मृत्यू वा जबर दुखापत टाळणे किंवा गंभीर आजार बरा करणे यांखेरीज जाणूनबुजून जबर दुखापत करणे त्यात बसत नाही. पण 'त्याच्या भल्यासाठीच मारले' हा बचाव ज्या खिडकीतून आत येतो ती हीच. मोठ्या माणसाला चापट मारली तर ती इच्छापूर्वक दुखापत ठरून त्याच संहितेच्या कलम ११५ खाली एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि आठ वर्षांच्या मुलाला तेवढ्याच जोराने मारली तर आधी हेतू विचारला जातो. ही तुलना मी फळ्यावर दोन रकान्यांत मांडतो. त्यानंतर बैठकीत बराच वेळ कोणी बोलत नाही, आणि ती शांतता मोडण्याची घाई निमंत्रकाने करू नये.

याला जोडून एवढे सांगावे, की संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ मध्ये स्वीकारला, आणि त्याच्या १९ व्या कलमात पालकांच्या ताब्यात असतानाही मुलाचे हिंसेपासून संरक्षण करण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर आहे.

'मारावे का?' असे विचारू नये

'पोरेसले मारानं का नई?' असा प्रश्न टाकला की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळा मार येतो. एकाला पाठीवरचा धपाटा दिसतो, दुसऱ्याला बैलाच्या वादीने फोडून काढलेला पोरगा. त्यामुळे प्रसंग ठेवावेत. मी बहुधा चार ठेवतो. तीन वर्षांचे मूल विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला हात लावायला जाते आणि बाप त्याचा हात हिसकावून मागे ओढतो. नऊ वर्षांच्या मुलाने डब्यातले वीस रुपये घेतले म्हणून आई पोळ्या लाटता लाटता हातातले लाटणे त्याच्या पोटरीवर मारते. चौदा वर्षांचा मुलगा रात्री दोन वाजता मोबाइलवर खेळताना सापडतो आणि बाप पट्टा काढतो. आणि तेवढ्याच वयाची मुलगी एका मुलाशी बोलताना दिसली म्हणून काका तिला घरी आणून कानशिलात लगावतो. प्रत्येक प्रसंगावर 'योग्य', 'चूक, पण घरातली गोष्ट' आणि 'चूक, आणि कायद्याने हात घालावा' अशी तीन मते हात वर करून घ्यावीत आणि आकडे तेथेच लिहावेत.

पहिला प्रसंग मुद्दाम आहे. धोक्यातून मूल ओढून काढणे ही शिक्षा नव्हे, आणि बंदीच्या कायद्यांतही हा फरक राखला जातो. न्यूझीलंडच्या कायद्यात तर मुलाला इजा होऊ नये म्हणून बळ वापरण्याची मुभा शब्दांत लिहिलेली आहे. एवढे स्पष्ट झाले की 'मग पोर विहिरीत पडले तरी बघत राहायचे का?' हा आक्षेप पुन्हा निघत नाही. चौथ्या प्रसंगावर पुरुषांच्या बैठकीत हमखास गडबड होते, कारण तेथे मूल सुधारण्याचा मुद्दा नसून घराण्याच्या नावाचा असतो, आणि हे कोणीतरी बोलून दाखवतेच. निमंत्रकाने स्वतः ते बोलू नये. एखाद्या आजीला बोलू द्यावे.

बंदी आली म्हणजे प्रत्यक्षात काय होते

लोकांना बंदी म्हटले की दारात उभी असलेली पोलिसांची गाडी दिसते. म्हणून इतर देशांतली उदाहरणे सांगताना शिक्षा किती आहे यापेक्षा कायदा कसा राबवला गेला, यावर वेळ द्यावा.

स्वीडनने १९७९ मध्ये जगात सर्वप्रथम ही बंदी आणली, आणि ती फौजदारी कायद्यात न घालता पालकत्वाच्या कायद्यात घातली; त्या तरतुदीला स्वतंत्र शिक्षाच नव्हती. कायदा झाला हे लोकांना कळावे म्हणून सरकारने घरोघरी पुस्तिका पाठवल्या आणि दुधाच्या खोक्यांवर माहिती छापली, म्हणजे सकाळच्या न्याहारीला आईबाप आणि मूल दोघेही तेच वाचत होते. जर्मनीने २००० मध्ये आपल्या नागरी संहितेत मुलांना हिंसामुक्त संगोपनाचा हक्क आहे, असे वाक्य लिहिले. वेल्समध्ये 'वाजवी शिक्षा' हा जुना बचाव मार्च २०२२ मध्ये काढून टाकला गेला, आणि पालकावर खटला भरण्याऐवजी त्याला संगोपनाचे मार्गदर्शन घेण्यास पाठवण्याची सोय त्याबरोबरच करण्यात आली. शेजारच्या इंग्लंडमध्ये तो बचाव तसाच राहिला, म्हणजे एका राज्यातली दोन गावे नदीच्या दोन काठांवर दोन नियमांनी चालावीत, तसे झाले. आपल्या बाजूला नेपाळने २०१८ च्या बालविषयक कायद्याने घरातल्या मारालाही मनाई केली; दक्षिण आशियात असे करणारा तो पहिला देश. 'हे गोऱ्यांचे फॅड आहे' असे कोणी म्हणाले, तर नेपाळचे नाव पुरेसे असते. आज जगातल्या साठाहून अधिक देशांत अशी बंदी आहे.

संशोधनाचा उल्लेख करावा, पण हातचे राखून. एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये पंचाहत्तर अभ्यासांचे आणि एक लाख साठ हजारांहून अधिक मुलांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले, आणि चापट मारण्याचा संबंध त्यांना मुलांच्या आक्रमकतेशी, मानसिक त्रासाशी आणि पालकांबरोबरच्या बिघडलेल्या नात्याशी आढळला. मारामुळे मूल बिघडते की बिघडलेल्या मुलाला जास्त मार बसतो, हा प्रश्न यावर टीकाकार विचारतात, आणि तो गावातली बाईही विचारते. त्याला हसू नये. तिला एवढे सांगावे, की माराने मूल दीर्घकाळात सुधारल्याचे त्या विश्लेषणात दिसले नाही. भारतापुरते बोलायचे, तर केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांकडून घेतलेल्या माहितीत सुमारे ६९ टक्के मुलांनी शारीरिक छळ अनुभवल्याचे निघाले.

आक्षेपांना कसे सामोरे जावे

'आम्ही मार खाऊनच मोठे झालो' याला वादाने उत्तर देऊ नये. ज्याने हे म्हटले त्याला तो मार कोणत्या वर्षीचा, कोणत्या कारणाचा, एवढे शांतपणे विचारावे. मी विचारलेल्या बहुतेकांना मार आठवत होता, जागा आठवत होती, कोण बघत होते तेही आठवत होते. कारण फार थोड्यांना आठवले.

याच वेळी कोणीतरी साने गुरुजींचे नाव घेते, कारण अमळनेरच्या शाळेत ते १९३० पर्यंत शिकवत होते आणि तेथील छात्रालयात मुलांनी पसरलेल्या खोल्या स्वतः आवरत, ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. गुरुजींबद्दल पूर्ण आदर राखूनही मला वाटते, की हे उदाहरण निमंत्रकाने स्वतः देऊ नये. ज्या बाईने दिवसभर उन्हात निंदणी केली, घरी येऊन पाणी भरले आणि जिच्यापुढे चुलीजवळ तीन मुले भांडत आहेत, तिला संताचे उदाहरण दिले की ती अपराधी होऊन गप्प बसते, आणि आपल्याला तिचे गप्प बसणे नको आहे. तिला विचारावे, की त्या घडीला घरात कोणी हात दिला असता तर मार टळला असता का. बायांच्या बैठकीत या प्रश्नाला मिळालेली उत्तरे पुरुषांच्या बैठकीत जशीच्या तशी वाचावीत.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे, आणि त्याला पुरेसा वेळ द्यावा. कायदा कडक झाला की तो कोणावर चालेल? भाऊबंदकीत बांधावरून भांडण असलेला चुलता तक्रार करील, काडीमोडाच्या वादात नवरा बायकोविरुद्ध आणि बायको नवऱ्याविरुद्ध ते कलम वापरील, आणि सातपुड्यातल्या पाड्यावरच्या आदिवासी बापाला जामिनासाठी तालुक्याला चार खेपा घालाव्या लागतील, तर गावातल्या वाड्यात भिंतीआड जे होते ते भिंतीआडच राहील. ही भीती खोटी नाही, आणि बंदीच्या बाजूने असलेल्या माणसाने ती झटकून टाकली तर त्याच्यावर कोणी विश्वास ठेवू नये. माझे उत्तर असे, की हीच भीती आजच्या कलम ७५ लाही लागू आहे. तेथे तर तीन वर्षांची कैद आहे आणि रेषा कोठे ते कोणालाच माहीत नाही. रेषा स्पष्ट असावी, पहिल्या तक्रारीला समुपदेशन व घरभेट असावी, आणि जखम, हत्यार किंवा पुन्हा पुन्हा होणारा मार असेल तेथेच फौजदारी असावी, असे लिहिलेला कायदा गरिबाला आजच्यापेक्षा कमी धोक्याचा ठरेल. हे उत्तर सगळ्यांना पटत नाही. पटलेच पाहिजे असेही नाही.

'कायद्याने काय होते?' या आक्षेपासाठी शाळेचेच उदाहरण द्यावे. २०१० पूर्वी आम्ही शिक्षकही म्हणत होतो की छडीशिवाय वर्ग चालणार नाही. छडी सगळीकडून गेली असे मी म्हणणार नाही, पण पूर्वी ती टेबलावर असे आणि आता ज्याच्याकडे असेल त्याला ती लपवावी लागते.

मत कसे घ्यावे आणि ठराव कसा लिहावा

येथे न्यूझीलंडची गोष्ट पुन्हा उपयोगी पडते. तेथे २००७ मध्ये पालकांचा कायदेशीर बचाव काढून टाकला गेला, आणि २००९ मध्ये त्यावर सार्वमत झाले. 'चांगल्या पालकत्वाचा भाग म्हणून मारलेली चापट हा गुन्हा असावा का?' असा त्या प्रश्नाचा आशय होता, आणि ८७ टक्क्यांहून अधिक लोकांनी 'नाही' म्हटले. तरीही सरकारने कायदा बदलला नाही. 'चांगल्या पालकत्वाचा भाग' हे शब्द प्रश्नातच घातल्यावर दुसरे काय उत्तर येणार? तेव्हा आपला प्रश्न लिहून काढावा, बंदीच्या विरोधात असलेल्या दोघांना तो आधी वाचायला द्यावा, आणि त्यांना तो सरळ वाटल्यावरच मतास टाकावा. मी दोन प्रश्न वेगळे ठेवतो : मुलाला शिक्षा म्हणून मारू नये, असे कायद्यात स्पष्ट लिहावे का; आणि तसे लिहिले तर पहिल्या वेळी काय व्हावे. पहिल्या प्रश्नाला 'नाही' म्हणणाऱ्यांनीही दुसऱ्यावर मत द्यावे, असा आग्रह धरावा.

एकत्र बैठकीनंतर पुन्हा हात वर करून चारही प्रसंगांवर मते घ्यावीत आणि आधीच्या आकड्यांशेजारी लिहावीत. ठरावाला कायद्याचे बळ नसते, हे स्पष्ट सांगावे. परंतु फौजदारी कायदा समवर्ती सूचीत असल्यामुळे राज्य आणि केंद्र दोघेही त्यात हात घालू शकतात, तेव्हा आमदार आणि खासदार दोघांनाही प्रत पाठवण्यात अर्थ आहे. ग्रामसभेत विषय घ्यायचा असेल तर तो विषयपत्रिकेवर आधीच येईल असे पाहावे. 'आयत्या वेळचे विषय' या सदरात तो बसवला की लोक उठून जायला लागलेले असतात.

विरोधातले म्हणणे त्याच पानावर, बोलणाऱ्याच्याच शब्दांत लिहावे, त्याचे प्रमाण मराठीत भाषांतर करू नये. एका बैठकीच्या वहीत माझ्याकडे असे एक वाक्य आहे : 'कायदा करा, पन मना घरना मानूसले जेलमा टाकं ते कपाशीले पानी कोन दी?' त्या बाईने पहिल्या प्रश्नावर बंदीच्या बाजूने हात वर केला होता, आणि दुसऱ्या प्रश्नावर समुपदेशनाच्या बाजूने. दोन्ही नोंदी आणि तिचे वाक्य एकाखाली एक लिहून, वाचून दाखवून, मग सह्या आणि अंगठे घेतले.